८८.५ चा शनिवार-रविवार

नभोवाणी केंद्राने संगीताचा एखादा कार्यक्रम बंद केला की लोक समजतात, ऐकणारे उरले नसतील. वॉशिंग्टनमधल्या डब्ल्यूएएमयू या केंद्राची साठ-पासष्ट वर्षांची वाटचाल पाहिली की हा समज टिकत नाही. या केंद्रावर शनिवार-रविवारी जे संगीत वाजे, त्याला श्रोते होते. ते वर्षानुवर्षे टिकून होते, देणग्या देत होते आणि कार्यक्रम काढला की पत्रे लिहून, फोन करून भांडत होते. तरीही एकेक कार्यक्रम मुख्य लहरीवरून उतरला. काही परत आले, काही दुसरीकडे जाऊन जगले. हे कसे घडले ते नीट पाहायला हवे, कारण या कथेत खलनायक नाही. ज्यांच्या आकडेमोडीवर हे निर्णय झाले, त्यांतला एक माणूस तर जुन्या ध्वनिमुद्रिकांचा जगातल्या मोजक्या जाणकारांपैकी आहे.

सुरुवात विद्यार्थ्यांची. १९५१ साली अमेरिकन युनिव्हर्सिटीच्या मुलांनी आवारापुरते एक लहान केंद्र काढले. त्याचा आवाज इमारतींतल्या विजेच्या तारांमधून खोल्याखोल्यांत पोचे, आवाराबाहेर तो जात नसे. हे केंद्र उभे करणाऱ्यांत एड वॉकर होता. तो जन्मांध होता, त्या विद्यापीठात शिकायला आलेला पहिला अंध विद्यार्थी. पुढे विलार्ड स्कॉट या मित्राबरोबर त्याने ‘जॉय बॉईज’ हा विनोदी कार्यक्रम १९५५ ते १९७४ अशी जवळपास वीस वर्षे वॉशिंग्टनच्या व्यावसायिक केंद्रांवर चालवला. २३ ऑक्टोबर १९६१ रोजी विद्यापीठाचे केंद्र एफएमवर आले. ८८.५ मेगाहर्ट्झ हा त्याचा पत्ता तेव्हापासूनचा.

केंद्राचे नशीब ठरवणारी गोष्ट मात्र विद्यापीठाच्या बाहेर, शहराच्या वस्तीत घडत होती. दुसऱ्या महायुद्धात आणि त्यानंतर अपालेशियन डोंगरांतली माणसे कामधंद्यासाठी वॉशिंग्टन आणि बाल्टिमोरकडे उतरली. व्हर्जिनिया, वेस्ट व्हर्जिनिया, नॉर्थ कॅरोलायना, टेनेसी इथले हे लोक सरकारी कचेऱ्यांत, बांधकामांवर, गोदीत लागले. कोकणातला माणूस गिरणीत लागला तेव्हा दशावतार आणि भजने त्याच्याबरोबर लालबाग-परळला आली, तसे या लोकांबरोबर बँजो, फिडल आणि मँडोलिन शहरात आले. कॉनी बी. गे या चतुर निवेदकाने हे लवकर ओळखले. १९४६ पासून पलीकडच्या आर्लिंग्टनमधून त्याने कंट्री संगीताचा कार्यक्रम सुरू केला आणि त्यावर मोठा व्यवसाय उभा केला. १९५८ साली कंट्री म्युझिक असोसिएशन स्थापन झाली तेव्हा तिचा पहिला अध्यक्ष तोच होता.

या संगीतातला ब्लूग्रास हा प्रकार तसा नवा. केंटकीच्या बिल मन्रोच्या वाद्यवृंदात १९४५ च्या अखेरीस अर्ल स्क्रग्ज आला आणि तीन बोटांनी भरधाव बँजो वाजवू लागला, तिथून त्याचे रूप पक्के झाले. विजेवर चालणारी वाद्ये नाहीत, सगळे एका मायक्रोफोनभोवती उभे, ज्याची पाळी तो पुढे येऊन वाजवतो आणि मागे सरतो. वरवर ग्रामीण वाटणारे हे संगीत अतिशय काटेकोर आहे, आणि वॉशिंग्टनने त्याला शहरी वळण दिले. ४ जुलै १९५७ च्या रात्री बेलीज क्रॉसरोड्स इथल्या अ‍ॅडमिरल ग्रिलमध्ये बझ बझ्बीच्या संचाचा कार्यक्रम ठरला होता. मोटार अपघातामुळे तो वाजवू शकत नव्हता. बिल एमर्सनने चार्ली वॉलर, जॉन डफी अशा वादकांना गोळा करून ती रात्र निभावली. त्या बदली संचातून ‘कंट्री जेंटलमेन’ उभे राहिले. १९७१ साली निघालेला, जॉन डफी ज्यात होता तो ‘सेल्डम सीन’ हा दुसरा संच तर या शहराचे चित्रच होता. त्यात जॉन स्टार्लिंग लष्करी शल्यविशारद, बेन एल्ड्रिज गणितज्ञ, टॉम ग्रे नॅशनल जिऑग्राफिकमध्ये नकाशे काढणारा, तर माइक ऑल्ड्रिज वृत्तपत्राचा चित्रकार. ही मंडळी दिवसभर नोकरी करत आणि आठवड्यातून एकदा ठरलेल्या ठिकाणी वाजवत. आधी बेथेस्डाच्या रेड फॉक्स इनमध्ये, नंतर अलेक्झांड्रियाच्या बर्चमियरमध्ये.

अशा शहरात १९६७ साली डब्ल्यूएएमयूवर डिक स्पॉट्सवुडने ब्लूग्रासचा अर्ध्या तासाचा साप्ताहिक कार्यक्रम सुरू केला. गॅरी हेंडरसन त्याच्या जोडीला होता. त्याच्या आदल्या वर्षी याच वर्तुळातून ‘ब्लूग्रास अनलिमिटेड’ हे मासिक निघाले होते, म्हणजे वाचणारे आणि ऐकणारे एकाच वेळी जमत होते. स्पॉट्सवुड हा निव्वळ हौशी संग्राहक नव्हे. स्थलांतरितांच्या भाषांतल्या अमेरिकी ध्वनिमुद्रिकांची त्याने केलेली सूची १९९० साली सात खंडांत प्रसिद्ध झाली. अशा तोलाचा अभ्यासक दर आठवड्याला माइकसमोर बसतो तेव्हा गाणे लागण्याआधीची दोन वाक्येही मोलाची असतात. तबकडी कुठल्या गावात कोरली गेली, फिडलवर कोण आहे, हीच चाल आधी कुणी वाजवली होती, हे तो सांगतो. ऐकणारा एक गाणे ऐकतो आणि एक परंपरा शिकतो.

१९६७ या वर्षाला आणखी एक महत्त्व आहे. त्याच नोव्हेंबरात अध्यक्ष जॉन्सन यांनी सार्वजनिक प्रसारणाच्या कायद्यावर सही केली. त्यातून केंद्रांना संघराज्याचा निधी वाटणारे महामंडळ उभे राहिले आणि काही वर्षांत एनपीआर हे राष्ट्रीय जाळे आले. ३ मे १९७१ रोजी एनपीआरचे संध्याकाळचे बातमीपत्र सुरू झाले. डब्ल्यूएएमयू या जाळ्यात पहिल्यापासून होते. डोंगरातले संगीत आणि देशभरची बातमी, दोन्ही एकाच घरात जवळपास एकाच सुमारास आली. पुढची तीस वर्षे ती शेजारी शेजारी नांदली.

या तीस वर्षांत केंद्राचा शनिवार-रविवार भरत गेला. जेरी ग्रे शनिवारी जुने कंट्री लावी. रविवारी सकाळी रेड शिपली ‘स्टेन्ड ग्लास ब्लूग्रास’मध्ये चर्चची गाणी वाजवी. बाल्टिमोरहून १९८५ साली रे डेव्हिस आला. आपल्या तळघरात गायक-वादकांना बसवून त्याने केलेली ध्वनिमुद्रणे जाणकारांत मानली जातात. जॉन्सन माउंटन बॉईज या संचात फिडल वाजवणारा एडी स्टब्स इथे निवेदक झाला आणि १९९५ मध्ये नॅशव्हिलला जाऊन ग्रँड ओल ऑप्री या कंट्री संगीताच्या नामवंत कार्यक्रमाचा आवाज बनला. केटी डेलीसारख्या निवेदिका इथेच घडल्या. ब्लूग्रास आठवड्याच्या दुपारीही ऐकू येऊ लागला, घरी परतणाऱ्या मोटारींत तो सोबतीला असे. रविवारी संध्याकाळी जॉन हिकमनचा जुन्या नभोनाट्यांचा कार्यक्रम असे. १९९० पासून तो एड वॉकरने चालवला. जे केंद्र त्याने विद्यार्थी असताना उभे केले, तिथेच तो उतारवयात परतला आणि २०१५ च्या ऑक्टोबरात त्याचा शेवटचा भाग प्रसारित झाल्यावर काही तासांतच वारला.

शनिवारची संध्याकाळ रॉब बॅम्बर्गरची. १९८० साली त्याचा ‘हॉट जॅझ सॅटरडे नाइट’ सुरू झाला. आठवडाभर तो संसदेच्या संशोधन विभागात ऊर्जाधोरणाचे काम करी आणि शनिवारी विशी ते चाळिशीच्या दशकांतले जॅझ घेऊन बसे. वॉशिंग्टनशी या संगीताचे नाते जुने. ड्यूक एलिंग्टन १८९९ मध्ये याच शहरात जन्मला. जेली रोल मॉर्टन तिशीच्या दशकात यू स्ट्रीटवरच्या एका क्लबात वाजवत असे, आणि १९३८ साली लोकसंगीताचा संग्राहक अ‍ॅलन लोमॅक्सने त्याला काँग्रेसच्या ग्रंथालयात बसवून त्याच्या आठवणी आणि पियानो तासन्‌तास मुद्रित करून घेतले. त्या काळातल्या तबकडीची एक बाजू जेमतेम तीन मिनिटांची. ती वाजायला यंत्र पुरते, पण शेकडो तबकड्यांतून या शनिवारी कुठल्या आणि कुठल्या क्रमाने, हे ठरवायला आयुष्य जावे लागते. म्हणून असा कार्यक्रम एका माणसाला बांधलेला असतो. बातमीपत्राचा निवेदक बदलता येतो, इथे माणूस गेला की संग्रह आणि त्याची जाण एकदम जाते. अशा कार्यक्रमाचे हे बळ आहे आणि केंद्राच्या व्यवस्थापकाच्या नजरेत हीच त्याची अडचण.

आता आकड्यांकडे यायला हवे, कारण पुढचे सगळे त्यांनी घडवले.

१९८८ साली सार्वजनिक प्रसारण महामंडळाच्या पैशाने ‘ऑडियन्स ८८’ हा मोठा अभ्यास झाला. डेव्हिड जिओव्हानोनी हा त्यातला प्रमुख अभ्यासक. त्याने जे दाखवले ते थोडक्यात असे. सार्वजनिक नभोवाणीचा श्रोता ओळखण्याची सगळ्यात पक्की खूण म्हणजे शिक्षण. प्रत्येक कार्यक्रम एका विशिष्ट स्वभावाच्या माणसाला ओढतो. बातम्यांना येणारा आणि बँजोला येणारा माणूस बहुधा वेगळा असतो. मग एकाच केंद्रावर दोन्ही असले की दर काही तासांनी अर्धी मंडळी उठून जातात आणि नवी येऊन बसतात. दिवसभर रेडिओ लावून ठेवणारा, केंद्राला आपले मानणारा आणि म्हणून वर्गणी भरणारा श्रोता तयार होत नाही. केंद्राने एक स्वभाव निवडावा आणि त्याला धरून राहावे, असा त्याचा निष्कर्ष होता.

हा युक्तिवाद कच्चा नाही. त्यावर चाललेल्या केंद्रांचे श्रोते वाढले, देणग्या वाढल्या. १९९४ च्या निवडणुकीनंतर संसदेत बहुमत मिळालेल्या पक्षाने सार्वजनिक प्रसारणाचा निधी तोडण्याची भाषा केली, तेव्हा स्वतःच्या श्रोत्यांवर उभे राहणे ही केंद्रांची जीवनमरणाची गोष्ट झाली. जिओव्हानोनीच्या आकड्यांनी त्यांना वाट दाखवली. आणि हा माणूस संगीताचा शत्रू मुळीच नाही. जुन्या ध्वनिमुद्रणांचा तो मोठा संग्राहक आहे. २००८ साली काजळी धरलेल्या कागदावर १८६० मध्ये उमटवलेल्या आवाजाच्या रेषा वाचून मानवी गाण्याचा सर्वांत जुना ठसा ज्या गटाने पुन्हा ऐकवला, त्याच्या संस्थापकांत जिओव्हानोनी आहे. त्याच्यासारख्या माणसाचे गणित त्याच्याच आवडीच्या प्रकारच्या संगीताला लहरीवरून उतरवू शकते, ही या विषयातली सगळ्यात विचार करायला लावणारी बाब मला वाटते. गणित बरोबर असू शकते आणि ज्याचे ते मोजमाप करत नाही ते त्याच्या हातून सुटू शकते.

काय सुटते? एका वेळी किती माणसे ऐकत आहेत आणि ती किती वेळ थांबतात, हे मोजणीत येते. पूर्वी श्रोते वहीत टिपून ठेवत, साधारण २००८ पासून वॉशिंग्टनसारख्या मोठ्या शहरांत अंगावर बाळगायचे छोटे यंत्र ते आपोआप टिपू लागले. शनिवारी रात्रीच्या तीन तासांसाठी आठवडाभर थांबणारा माणूस या मोजणीत तीन तासांचाच दिसतो. तोच माणूस पस्तीस वर्षे तिथे आहे, त्याने मुलांनाही ते ऐकायला लावले, त्यातून त्याने तबकड्या विकत घेतल्या, कुठल्या तरी क्लबात एका तरुण वादकाला ऐकायला तो गेला, यांतले काहीच आकड्यात येत नाही. नव्वद लोकांनी वरवर ऐकलेले आणि नऊ लोकांनी जिवापाड ऐकलेले यांत फरक करता येईल असे मोजमाप केंद्रांकडे नव्हते. एकच आकडा त्याच्या जवळ जाणारा होता, तो म्हणजे कुठल्या कार्यक्रमाच्या वेळी किती देणगी आली. पण देणगी मोहिमा आठवड्याच्या सकाळ-संध्याकाळी, बातम्यांच्या गर्दीत चालतात, आणि तिथे बातम्याच जिंकणार.

शहरात इतरत्रही हेच चालले होते. डिस्ट्रिक्ट ऑफ कोलंबिया विद्यापीठाचे डब्ल्यूडीसीयू हे जॅझचे केंद्र होते. विद्यापीठ कर्जात बुडाले आणि १९९७ साली ते केंद्र सी-स्पॅनने १ कोटी ३० लाख डॉलरना घेतले. त्या जागी आता संसदेचे कामकाज ऐकू येते. १९७७ मध्ये एलिंग्टनची ध्वनिमुद्रिका लावून सुरू झालेले डब्ल्यूपीएफडब्ल्यू जॅझसाठी उरले, आणि ८८.५ वर शनिवारी बॅम्बर्गर.

मग २००१ आले. डब्ल्यूएएमयूने आठवड्याच्या दुपारचा ब्लूग्रास काढून तिथे बातम्या आणि चर्चा आणल्या. शनिवार-रविवार तेवढा ठेवला. श्रोत्यांनी मोठा गदारोळ केला. केंद्राने त्यांच्यासाठी इंटरनेटवर ब्लूग्रासची स्वतंत्र धारा सुरू केली. त्या काळात घरोघरी वेगवान इंटरनेट नव्हते आणि मोटारीत तर नव्हतेच, म्हणजे ज्याने हे संगीत घरी परतताना वर्षानुवर्षे ऐकले त्याच्यासाठी ते संपले. त्याच वर्षीच्या ११ सप्टेंबरनंतर वॉशिंग्टनमध्ये बातम्या ऐकण्याची गरज इतकी वाढली की निर्णय योग्यच होता असे केंद्राला वाटले असेल तर त्याला दोष देता येत नाही.

शेजारच्या डब्ल्यूईटीएची गोष्ट इथे सांगायला हवी. २००५ च्या फेब्रुवारीत त्या केंद्राने अभिजात संगीत काढून टाकले आणि बातम्यांकडे वळले. दोन वर्षांनी, २००७ च्या जानेवारीत, शहरातले व्यावसायिक अभिजात केंद्र बंद झाले तसे ते पुन्हा अभिजात संगीताकडे आले. या येण्या-जाण्यात मेरी क्लिफचा ‘ट्रॅडिशन्स’ हा शनिवार रात्रीचा लोकसंगीताचा कार्यक्रम गेला. तो सत्तरच्या दशकापासून चालू होता. केंद्र पुन्हा संगीताकडे वळले तेव्हा तो गेला, ही बाब बोलकी आहे. बातम्या आल्या म्हणून संगीत गेले एवढाच हा प्रश्न नव्हता. एकदा केंद्राने एक स्वभाव निवडला की बाकी सगळे उपरे ठरते, मग तो स्वभाव बीथोव्हनचा का असेना. मेरी क्लिफला पुढे डब्ल्यूएएमयूने आसरा दिला.

पण डब्ल्यूएएमयूचेही तेच चालले होते. २००७ मध्ये केंद्राने ब्लूग्रास आपल्या डिजिटल उपवाहिनीवर नेला. ८८.५ च्याच लहरीत दडलेली ही दुसरी वाहिनी ऐकायला वेगळा रेडिओ लागे आणि तो फार थोड्या घरांत होता. नंतर १०५.५ वर एक छोटे प्रक्षेपण मिळाले. वाहिनीचे नाव ‘ब्लूग्रास कंट्री’. ही पायरी अशा कार्यक्रमांच्या बाबतीत सगळीकडे दिसते: दुपारवरून शनिवारवर, शनिवारवरून उपवाहिनीवर, उपवाहिनीवरून इंटरनेटवर. दर पायरीला केंद्र सांगते की कार्यक्रम बंद केलेला नाही, आणि ते खरेच असते. दर पायरीला थोडे श्रोते गळतात, आणि पुढच्या पायरीला त्याच गळतीचा आकडा कारण म्हणून मांडला जातो. ब्लूग्रासचे श्रोते पन्नाशीचे, साठीचे. त्यांना नवा रेडिओ घ्यायला लावणे, मग संगणकावर बसवणे, म्हणजे त्यांची वाट दर वेळी अधिक चढाची करणे होते.

२०१६ साली डब्ल्यूएएमयूने जाहीर केले की ब्लूग्रास कंट्री आता आपण चालवणार नाही, कोणी घेत असेल तर द्यायची तयारी आहे. इथे श्रोते नुसते भांडले नाहीत. त्यांनी ‘ब्लूग्रास कंट्री फाउंडेशन’ ही संस्था काढली, पैसे जमवले, निवेदकांना बरोबर घेतले, आणि २०१७ च्या सुरुवातीला वाहिनी आपल्या हाती घेतली. अर्ध्या तासाच्या साप्ताहिक कार्यक्रमातून पन्नास वर्षांत जे वाढले होते ते पन्नासाव्या वर्षी श्रोत्यांच्या मालकीचे झाले. या सगळ्या वाटचालीत मला सर्वांत मोलाचा वाटतो तो हा टप्पा. मोजणीत नगण्य ठरलेली माणसे एक संपूर्ण वाहिनी चालवण्याइतकी भक्कम निघाली.

२०१८ मध्ये बॅम्बर्गरची पाळी आली. अडतीस वर्षे चाललेला ‘हॉट जॅझ सॅटरडे नाइट’ बंद होणार असे केंद्राने जाहीर केले. तोवर डब्ल्यूएएमयू वॉशिंग्टनच्या सर्वाधिक ऐकल्या जाणाऱ्या केंद्रांपैकी होते आणि आठवडाभर बातम्या-चर्चांचे होते. शनिवारची ती एक संध्याकाळ जुन्या घराच्या शेवटच्या खांबांपैकी होती. श्रोते उठले, वृत्तपत्रांत लिहून आले. कार्यक्रम बंद झाला खरा, पण पुढे तो ८८.५ वर परतला. आकड्यांचे राज्य असलेल्या केंद्रात असे परतणे क्वचित घडते.

त्याच २०१८ च्या मे महिन्यात तिकडे ब्रिटनमध्ये बीबीसी रेडिओ २ ने १९६९ पासून चाललेला ऑर्गनवादनाचा ‘द ऑर्गनिस्ट एंटरटेन्स’ आणि ब्रास बँडचा ‘लिसन टू द बँड’ हे दोन्ही बंद केले. त्यांच्या श्रोत्यांचे कोणी ऐकले नाही. पण २०१० साली याच बीबीसीने ६ म्युझिक ही संपूर्ण वाहिनी बंद करायचा प्रस्ताव मांडला होता तेव्हा देशभर मोहीम झाली, त्या गलबल्यातच तिचे श्रोते दहा लाखांच्या पुढे गेले आणि बीबीसीच्या विश्वस्तांनी प्रस्ताव फेटाळला. वाहिनीला नाव असते, झेंडा असतो, तिच्यासाठी मोर्चा निघतो. रविवार संध्याकाळच्या अर्ध्या तासासाठी मोर्चा निघत नाही, कारण तो ऐकणारे एकमेकांना ओळखतच नाहीत. प्रत्येकजण आपल्या स्वयंपाकघरात एकटा ऐकत असतो. वॉशिंग्टनच्या ब्लूग्रासवाल्यांचे वेगळेपण इथे आहे. त्यांच्याजवळ मासिक होते, बर्चमियरसारखी जागा होती, ते एकमेकांना चेहऱ्याने ओळखत होते. रेडिओ हा त्यांच्या गोतावळ्याचा एक भाग होता, म्हणून रेडिओने हात सोडल्यावर गोतावळ्याने तो धरला.

हे नसले तर काय होते याचा अनुभव मराठी घरांनी घेतला आहे, आणि त्याचा उगमही वॉशिंग्टनच्याच परिसरातला. डब्ल्यूएएमयूपासून काही मैलांवर मेरीलँडमधल्या सिल्व्हर स्प्रिंग इथे ‘वर्ल्डस्पेस’ या उपग्रह नभोवाणीचे मुख्यालय होते. शनिवारी रात्री आकाशवाणीच्या राष्ट्रीय संगीत कार्यक्रमाची वाट पाहणाऱ्या आपल्या कानसेनांना वर्ल्डस्पेसच्या ‘गंधर्व’ वाहिनीने दिवसभर हिंदुस्थानी शास्त्रीय संगीत दिले. पुण्या-मुंबईत कितीतरी घरांनी त्यासाठी वेगळा रेडिओ घेतला, वर्गणी भरली. २००८ च्या ऑक्टोबरात कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली आणि ३१ डिसेंबर २००९ रोजी भारतातली सेवा थांबली. वर्गणीदारांचे प्रेम ब्लूग्रासवाल्यांपेक्षा तसूभर कमी नव्हते. पण उपग्रह दुसऱ्याचा, परवाना दुसऱ्याचा, आणि वर्गणीदार एकमेकांना अनोळखी. हातात घेण्यासारखे त्यांच्यापुढे काही नव्हतेच. घेतलेले रेडिओ मुके होऊन कपाटात गेले.

२०२५ च्या जुलैत अमेरिकी संसदेने सार्वजनिक प्रसारणाचा सुमारे ११० कोटी डॉलरचा मंजूर निधी मागे घेतला आणि १९६७ च्या कायद्यातून आलेले महामंडळ आवरते घेत असल्याचे ऑगस्टमध्ये जाहीर झाले. देशभरची केंद्रे नव्याने अंदाजपत्रके मांडत आहेत. कात्री कुठे लावायची हे ठरवताना नजर शनिवार-रविवारकडेच जाईल, कारण बातम्यांना हात लावायची कुणाची छाती नाही. वास्तविक एक माणूस आणि त्याचा स्वतःचा संग्रह एवढ्यावर चालणारा तास हा केंद्राचा सर्वांत स्वस्त तास असतो. तो वाचवून हाती फारसे लागत नाही. या केंद्रांनी निर्णयाआधी एक तक्ता मांडून तो श्रोत्यांना दाखवावा, एवढीच माझी मागणी आहे. त्या कार्यक्रमाचे श्रोते सरासरी किती वर्षे देणगी देत आले, किती देत आले, आणि कार्यक्रम गेल्यावर त्यांतले किती देत राहिले. ब्लूग्रास कंट्री फाउंडेशनला हा हिशेब रोज करावा लागतो, कारण श्रोत्यांनी दिलेल्या पैशांवरच तिची वाहिनी चालते. तिच्या हिशेबवह्या मागवून पाहायला इतर केंद्रांना फार लांब जावे लागणार नाही.